गाईच्या पोटात बोटभर, घोड्याच्या डोळ्यात सुताएवढा

वाचकांचे प्रश्न, पशुवैद्यांची उत्तरं

पाऊस उघडला की या सदराकडे जंतांचीच पत्रं येतात. यंदाही आली, आणि वेगवेगळ्या शब्दांत बहुतेकांनी एकच गोष्ट विचारली: एका गोठ्यात, एका पाण्यावर असलेल्या दोन जनावरांत जंत इतके वेगळे का वागतात? म्हणून हा अंक जंतांचाच. जेवताना वाचायला घेऊ नका, एवढी सूचना.

प्रश्न : आमच्याकडे गाई आहेत आणि उस्मानाबादी शेळ्याही. पाऊस सरताना दोन शेळ्या मागच्या पायांतून गेल्या. ताप नाही, चारा खातात, पण मागचा भाग ओढत चालतात. इथले डॉक्टर म्हणाले, ‘गाईचा जंत मणक्यात गेला असणार.’ गाई तर ठणठणीत आहेत. गाईचा जंत शेळीच्या मणक्यात जाईलच कसा?
— एक पशुपालक, सिन्नर तालुका

उत्तर : जातो, आणि गाई ठणठणीत असतात तेव्हाच जातो. त्या जंताचं नाव सेटारिया डिजिटाटा. गाय आणि म्हैस हे त्याचं हक्काचं ठिकाण. मेलेल्या म्हशीचं पोट शवविच्छेदनासाठी उघडलं की आतड्यांच्या बाहेर, पोटाच्या पोकळीत, दुधी रंगाच्या शेवयांसारखे पाच-दहा जंत वळवळताना कित्येकदा दिसतात. मादी सहा ते बारा सेंटीमीटर, नर त्याहून आखूड. म्हशीला त्याचा पत्ताही नसतो. मी विद्यार्थ्यांना हे दाखवायची तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, ‘मॅडम, ही याच्यामुळेच मेली का?’ जवळजवळ कधीच नाही.

मादी अंडी घालत नाही, सूक्ष्म पिल्लं सोडते. ती रक्तात फिरतात. डास गाईला चावला की ती डासात जातात, तिथे साधारण दोन आठवड्यांत वाढतात आणि पुढच्या चाव्याबरोबर दुसऱ्या जनावरात उतरतात. डासाला गाय काय नि शेळी काय. गाईत उतरलेलं पिल्लू पोटाच्या पोकळीत पोचतं, वाढतं, मुक्काम करतं. शेळी, मेंढी किंवा घोड्यात उतरलेल्या पिल्लाची वाट चुकते. ते पूर्ण वाढत नाही, भटकत राहतं, आणि मज्जारज्जूत किंवा मेंदूत शिरलं तर जिथून जातं तिथला भाग फाडत जातं. शेळी मेल्यावर मणका उघडून पाहिला तर सुतासारखा एखादाच कोवळा जंत सापडतो, बऱ्याचदा तोही नाही. त्यानं केलेली वाट तेवढी सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. म्हशीत डझनभर जंतांनी जे होत नाही, ते शेळीत एका अर्धवट जंतानं होतं.

घोड्यांतल्या अशाच लुळेपणाला आपल्याकडे जुने लोक कुमरी म्हणतात. घोड्यात हा जंत डोळ्यातही शिरतो. टांग्याच्या एका घोड्याच्या डोळ्यात मी तो पाहिला आहे. बाहेरून डोळा नुसता पाणावलेला आणि निळसर. बॅटरीचा झोत तिरका धरला तेव्हा बुबुळाच्या पुढच्या पाण्यात पांढरा धागा आळोखेपिळोखे देत होता. मालकाला वाटलं, डोळ्यात केस गेलाय. भूल देऊन बुबुळाच्या कडेला बारीक छेद घेतला की आतलं पाणी उसळतं आणि त्याबरोबर जंत बाहेर येतो. दोनेक सेंटीमीटरचा होता तो. गाईत असता तर पुढे चांगला बोटभर झाला असता.

आता तुमच्या कामाचं. लुळेपणाच्या पहिल्या एक-दोन दिवसांत उपचार झाले तर शेळी उठण्याची आशा असते. आठवडाभर लोळलेली शेळी क्वचित उठते. औषध आणि मात्रा तुमच्या डॉक्टरांनाच ठरवू द्या. दुकानातून इंजेक्शन आणून स्वतः टोचू नका. संध्याकाळी गोठ्यात कडुनिंबाच्या पाल्याचा धूर करा, शेणखड्ड्याजवळचं साचलेलं पाणी काढा, शेळ्या गाईंपासून जरा लांब बांधा. आणि एक गोष्ट डॉक्टरांनी सांगितली नसेल तर मी सांगते: मागचे पाय लुळे पडणं हे रेबीजचंही लक्षण असू शकतं. शेळीला गिळता येत नसेल, लाळ गळत असेल, आवाज बदलला असेल, तर ‘घशात काही अडकलंय का’ म्हणून तोंडात हात घालू नका.

प्रश्न : शेळीच्या आणि गाईच्या चौथ्या पोटातला तांबडा-पांढरा जंत डोळ्यांना एकच दिसतो. पुस्तकात नावं दोन आहेत. फरक कसा ओळखायचा?
— पशुवैद्यक पदविकेचा विद्यार्थी, परभणी

उत्तर : नुसत्या डोळ्यांनी ओळखता येणार नाही, तेव्हा परीक्षेत तसं लिहू नकोस. शेळी-मेंढीत मुख्यतः हिमाँकस काँटॉर्टस, गाईत हिमाँकस प्लेसाय, आणि उंटात तिसरा, हिमाँकस लाँजिस्टायपिस. तिन्हींत मादीची खूण सारखीच. रक्तानं भरलेलं लाल आतडं आणि त्याभोवती पिळा घातलेले पांढरे अंडाशय. जंत दोन-तीन सेंटीमीटरचा. ताजं चौथं पोट उघडून आतल्या घड्या बोटानं हळूच उलगडल्या की तो हलताना दिसतो. पाण्यानं धुवायची घाई केली की निम्मे वाहून जातात.

फरक नरात शोध. संभोगाच्या वेळी वापरायच्या त्याच्या दोन कडक काड्या असतात, स्पिक्यूल. त्यांना टोकाजवळ बारीक आकडा असतो. गाईच्या जातीत काडी लांब आणि आकडा टोकापासून जास्त मागे. उंटाच्या जातीत काडी सर्वांत लांब, नावच तसं पडलंय. मादीच्या जननछिद्रावर एक पडदा असतो. कोणात तो जिभेसारखा लोंबतो, कोणात नुसती गाठ, कोणात काहीच नाही. पण एकाच जातीत हे तिन्ही प्रकार मिळतात, यजमान जनावर, म्हणजे ज्याच्या अंगात जंत राहतो ते, बदललं की त्यांचं प्रमाण बदलतं, म्हणून एका मादीवरून निकाल देऊ नये. त्याहून पक्की खूण अमेरिकेत लिक्टेनफेल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऐंशीच्या दशकात दाखवली. जंताच्या कातडीवर लांबीच्या दिशेनं बारीक कंगोरे असतात. अन्ननलिकेच्या मागच्या भागाजवळ आडवा छेद घेतला तर शेळी-मेंढीच्या जातीत ते ३० भरतात आणि गाईच्या जातीत ३४.

‘दोन जाती मानायच्या की एकीचीच दोन रूपं?’ हा वाद बरीच वर्षं चालला. प्रयोगशाळेत दोघांचा संकर होतो, पण त्यातले नर वांझ निघतात. माझ्या मते वाद तिथेच मिटायला हवा होता.

हे नुसतं पुस्तकी नाही. मेंढीचा जंत गाईत नीट रुजत नाही आणि गाईचा मेंढीत. म्हणून ज्या कुरणात मेंढ्या चरल्या तिथे पुढे काही काळ गाई सोडल्या तर गवतावरची मेंढीच्या जंताची पिल्लं गाईच्या पोटात जाऊन वाया जातात. फुकटातलं जंतनाशक. आणि हा जंत साधा नव्हे. एक जंत दिवसाला साधारण ०.०५ मिलिलिटर रक्त खातो. हजार जंत म्हणजे रोज ५० मिलिलिटर, आणि तीस किलोच्या शेळीच्या अंगात रक्त असतं दोन लिटरच्या आसपास. दर महिन्याला सगळ्या कळपाला तेच ते औषध पाजण्याची जी पद्धत पडली आहे ती मला अजिबात पसंत नाही. जंत सरावतात, दुकानदाराचं भलं होतं. खालची पापणी उलटून रंग बघायला शिक. दक्षिण आफ्रिकेत तयार झालेल्या फमाचा तक्त्यात लालपासून पांढऱ्यापर्यंत पाच छटा आहेत. फिकट पडलेल्या शेळ्यांनाच औषध द्यायचं.

प्रश्न : घरचा बोकड कापला. आतड्यावरच्या चरबीला पाण्याचे तीन-चार फुगे लोंबत होते, लिंबाएवढे. खाटीक म्हणाला, काही नसतं, काढून टाकतो. मटण खाल्लं. आता घरात भांडण चालू आहे. काही होईल का?
— एक वाचक, जत

उत्तर : भांडण थांबवा. तुमच्या वर्णनावरून ती कुत्र्याच्या एका पट्टकृमीची, टिनिया हायडॅटिजिनाची, बोकडातली अवस्था. फुगा फोडून पाहिला असता तर आत पाण्यात एकच पांढरा ठिपका दिसला असता, लांब मानेवर लोंबणारा. ते पुढच्या जंताचं डोकं. हा फुगा माणसानं खाल्ला तरी माणसात काही वाढत नाही. कुत्र्यानं खाल्ला तर मात्र त्याच्या आतड्यात तो ठिपका चिकटतो आणि त्याचा मीटर-दोन मीटरचा, कधी त्याहूनही लांब पट्टा होतो.

खाटकानं ते फुगे कुठे टाकले, हे मी तुमच्या जागी असते तर विचारलं असतं. कारण याच कुत्र्यात याचा एक भाऊबंद राहतो, इकायनोकॉकस ग्रॅन्युलोसस, आणि त्याचा हिशेब बरोबर उलटा आहे. कुत्र्यात तो जेमतेम पाच मिलिमीटरचा, तीन-चार तुकड्यांचा. हजारो असले तरी कुत्रं मजेत. मेंढीत, म्हशीत किंवा माणसात त्याचं अंडं गेलं की यकृतात नाहीतर फुफ्फुसात गाठ धरते आणि वर्षानुवर्षं फुगत जाते. माणसात ती नारळाएवढीही होते. आत एक नव्हे, असंख्य डोकी. गाठ कापून पाणी काचेच्या भांड्यात स्थिर ठेवलं की तळाला बारीक वाळू बसते, ती सगळी डोकी. आणि इथेही यजमानाप्रमाणे रूप बदलतं. मेंढीतल्या गाठीत वाळू भरपूर असते. मेंढीचा हाच वाण गाईत गेला तर गाठ होते, पण बहुतेकदा आत डोकी नसतात, नुसतं पाणी. कुत्र्यानं ती खाल्ली तरी साखळी तिथेच तुटते. गाईत, घोड्यात, उंटात नीट रुजणारे वाण वेगळे. पूर्वी सगळ्यांना एकाच जातीचे वाण म्हणत, आता त्यांतल्या बऱ्याच जणांना स्वतंत्र जातीचं नाव मिळालं आहे.

तिसरा भाऊ धनगर मंडळींना ठाऊक असतो. टिनिया मल्टिसेप्स, तोही कुत्र्याचाच. त्याचा फुगा मेंढीच्या मेंदूत होतो आणि मेंढी एकाच अंगानं गोल गोल फिरत राहते. शेळीत तोच फुगा कधी कातडीखाली, मांसात, जिथे तिथे सापडतो. भारतातल्या शेळ्यांमधला हा प्रकार इतका निराळा दिसला की १९१६ साली त्याला वेगळी जात ठरवून, भारतात काम केलेल्या गैगर या पशुवैद्याचं नाव देण्यात आलं. आता बहुतेक अभ्यासक दोन्ही एकच मानतात.

तेव्हा फुगे, गाठी असलेलं यकृत, मेंढीचं डोकं, यांतलं काहीही कुत्र्याला टाकायचं नाही. खोल पुरा किंवा जाळा. कुत्र्याला पट्टकृमीचं, म्हणजे प्राझिक्वांटेल असलेलं औषध डॉक्टरांना विचारून द्या. साध्या जंताच्या गोळीनं इकायनोकॉकस जाईलच असं नाही. आणि माणसाला धोका मटणातून नसतो, कुत्र्याच्या विष्ठेतल्या अंड्यांतून असतो. न धुतलेली कोथिंबीर, कुत्र्याला कुरवाळून तसाच तोंडात गेलेला हात.

प्रश्न : माझा बैल घोरतो. नाकातून शेंबडात रक्त येतं. तळ्यावर आमच्या म्हशीही त्याच पाण्यात तासन् तास बसतात, त्यांना काही नाही.
— एक शेतकरी, भंडारा जिल्हा

उत्तर : तुमच्या भागात तळी, बोड्या आणि भात, म्हणजे गोगलगाई भरपूर. हा नाकातला रक्तकृमी, शिस्टोसोमा नेझाली. मद्रासचे एम. अनंत नारायण राव यांनी १९३३च्या सुमारास त्याचं वर्णन केलं. जंत राहतो नाकाच्या शिरांमध्ये, नर मादीला आपल्या खोबणीत धरून. त्रास जंताचा कमी, अंड्यांचा जास्त. गाई-बैलांत अंड्यांभोवती फुलकोबीच्या गड्ड्यासारखी मांसाची वाढ होते, नाक चोंदतं, जनावर घोरतं. म्हशीत तोच जंत असतो, अंडीही घालतो, पण ती वाढ सहसा होत नाही. म्हशीचं नाक तपासल्याशिवाय तिच्यात काही नाही असं म्हणू नका. तुमच्या तळ्यात अंडी तीही टाकत असेल.

निदान सोपं आहे. शेंबडाचा थेंब काचपट्टीवर घ्यायचा. अंडं बूमरँगसारखं वाकडं असतं, एकदा पाहिलं की विसरत नाही. गाईगुरांच्या आतड्याकडच्या शिरांत राहणाऱ्या शिस्टोसोमा स्पिंडेलचं अंडं चातीसारखं लांबट, ते शेणात सापडतं. दोघांची पिल्लं मधल्या काळात ज्या गोगलगाईत वाढतात ती एकच, इंडोप्लॅनॉर्बिस, चपटी वेटोळ्याची. भाताच्या चिखलात उभं राहिल्यावर पोटऱ्यांना पाण्याच्या रेषेपर्यंत खाजरे पुरळ येतात, त्यामागेही कित्येकदा गुरांच्या याच जंतांची पिल्लं असतात. ती माणसाच्या कातडीत शिरतात आणि तिथेच मरतात. बोटांच्या बेचक्यातल्या चिखल्या निराळ्या, त्यांना जंतांशी जोडू नका.

माणसात वाढणारा रक्तकृमी भारतात नाही असं समजलं जायचं. १९५२ साली गाडगीळ आणि शहा यांनी रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात लघवीतून रक्त जाणारे रुग्ण आणि हा जंत दोन्ही दाखवून दिले. तिथली गोगलगायही वेगळी निघाली. या जंताच्या अंड्याला शेवटी एक टोकदार काटा. एकाच घराण्याची तीन अंडी, तीन आकार, तीन ठिकाणं.

बैलावर उपचार होतात, डॉक्टरांना दाखवा. तळ्यात बदकं सोडली तर गोगलगाई कमी होतात. म्हशी तळ्यात बसणारच, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

प्रश्न : म्हशीचं शेण तपासलं, जंताची अंडी नाहीत. तरी वीस दिवसांच्या रेडकाच्या पोटातून वीतभर जंत पडले. कुठून आले?
— एक वाचक, पंढरपूर

उत्तर : दुधातून. टॉक्सोकारा व्हिट्युलोरम म्हशीच्या अंगात पिल्लू म्हणूनच दडून असतो, अंडी घालतच नाही, मग शेणात काय दिसणार. व्यायल्यावर ती पिल्लं दुधात उतरतात आणि रेडकाच्या आतड्यात त्यांचा पुरा जंत होतो. रेडकू दोन आठवड्यांचं झालं की औषध पाजा, मातकट हगवण सुरू व्हायची वाट बघू नका. कुत्रीत आणि पिल्लांत असाच प्रकार तिच्या टॉक्सोकारा कॅनिसचा, तिथे तर जंत गर्भातच पोचतो. लहान मुलाच्या पोटात त्याचं अंडं गेलं तर तो कधीच मोठा होत नाही. अर्ध्या मिलिमीटरहून लहान पिल्लू यकृतात, क्वचित डोळ्यात भटकत राहतं. म्हणून दारच्या कुत्रीच्या पिल्लांनाही विसरू नका.

प्रश्न : सगळ्यात मोठा जंत कोणाच्या पोटात असतो? आमच्या सरांनी विचारलंय.
— इयत्ता सातवी, सांगली

उत्तर : गोल जंतांत पहिला नंबर स्पर्म व्हेलमधल्या जंताचा, आणि तो पोटात नसतो, मादी व्हेलच्या वारेत असतो. प्लॅसेंटोनेमा जायगँटिसिमा. १९५१ साली गुबानोव्ह या रशियन शास्त्रज्ञानं त्याचं वर्णन केलं. जंताची मादी ८.४ मीटर. आपल्या घरातल्या भिंतीवर खडूनं मोजून बघ, आईला विचारून. चपट्या जंतांत तर स्पर्म व्हेलच्याच आतड्यातला पट्टकृमी ३० मीटरच्या आसपास जातो.

पण सरांना तू उलटा प्रश्न विचार: पाणघोड्याच्या डोळ्यात कोण राहतो? माशांच्या कल्ल्यांना आणि कातडीला चिकटणाऱ्या जंतांचं एक मोठं घराणं आहे. त्यांतला एकच सस्तन प्राण्यापर्यंत पोचला, ऑक्युलोट्रेमा हिपोपोटामी, आणि आफ्रिकेतल्या पाणघोड्याच्या पापणीखाली राहू लागला. पाणघोडा दिवसभर पाण्यात असतो, त्यामुळे याला फार जुळवून घ्यावं लागलं नसेल असं मला वाटतं. आपल्या हत्तीचाही यकृतातला चपटा जंत वेगळा आहे, फॅसिओला जॅक्सोनी. गाई-म्हशींतला लांब पानासारखा, हत्तीतला आखूड आणि रुंद.

शेवटी सगळ्यांना एक विनंती. जंतांचे फोटो पाठवता, त्यांवरून काही कळत नाही. जंत साध्या पाण्यात हलक्या हातानं धुवा, सत्तर टक्के अल्कोहोल असलेल्या बाटलीत ठेवा आणि आत कागदाची चिठ्ठी टाका. चिठ्ठी पेन्सिलीनंच लिहा, शाई स्पिरिटमध्ये विरघळते. ‘जंत’ असं लिहू नका, तो मला दिसतोच आहे. कोणतं जनावर, वय किती, आणि कोणत्या अवयवात सापडला, एवढं लिहा. गेल्या महिन्यात एका बाटलीवर नुसतं ‘अर्जंट’ लिहिलेलं होतं.